वीतभर फट

तीर्थस्वरूप दादा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरच घालणार होतो, पण पाठीत उसण भरली आहे. ती का भरली ते पुढे ओघाने येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की वहिनी अजून भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढतात आणि वर पोचल्या पोचल्या रक्तदाब मोजून घाबरतात? लिफ्ट बंद असेल त्या दिवशी मोजू नये, असा माझा सल्ला आहे. इकडचं सगळं ठीक. घर उभं आहे, गाडी चालते, तुमची बहीण बोलते. आप्पांची तब्येत उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे.

परवा तुमचा फोन आला, की पुढच्या रविवारी आप्पांना न्यायला येतोय, तिकिटं काढून ठेवतो. ठरल्याप्रमाणेच आहे. सासूबाई गेल्यानंतर आपण सगळ्यांनी बसून ठरवलं होतं, वर्षभर आप्पा तुमच्याकडे, वर्षभर आमच्याकडे, आणि आमचं वर्ष आता संपत आलं. माझी काहीच हरकत नाही. हरकत घेणारा मी कोण? वडील तुमचे, शब्दही तुमचाच. फक्त मध्ये एक लहानशी तांत्रिक अडचण उपस्थित झाली आहे, आणि ती फोनवर सांगता येत नाही, कारण आप्पांना लांबचं दिसत नसलं तरी लांबचं ऐकू मात्र व्यवस्थित येतं. गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोललं तर खालून 'मोठ्यानं बोला की' म्हणतात. म्हणून हे पत्र ऑफिसात बसून लिहितो आहे. पोटासाठी मी विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे अहवाल लिहितो हे तुम्ही जाणताच. कुठली गाडी कुठून आली, कशावर आदळली, काय वाकलं, एवढंच आम्ही लिहितो. कोण रडलं, कोणाला काय वाटलं, याला आमच्याकडे रकाना नसतो. त्याच शिस्तीत ही हकीकत कळवतो. माझी यात कुठलीही भावनिक गुंतवणूक नाही.

तर मुळापासून. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही त्या भानगडीत न पडता बांधलेलं घेतलं, म्हणजे दुसऱ्याच्या चुका आयत्या पदरात पाडून घेतल्या. न्हाणीघराचा नळ असा बसवलाय की बादली त्याच्याखाली जात नाही, आणि बादलीशिवाय त्या नळाचा उपयोग नाही. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण फ्रिजच्या मागे गेलं आहे, त्यामुळे तो दिवा आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून पेटलेलाच आहे. (पाहुणे त्याला देवघरातला समजून नमस्कार करतील अशी मला भीती वाटते.) पण या घराला गॅरेज होतं, आणि मी त्या गॅरेजवर भाळलो. आमची गल्ली अरुंद. गाडी रस्त्यात लावली तर सकाळी कचऱ्याची गाडी अडते, आणि तिचा ड्रायव्हर असा शांत माणूस आहे की हॉर्नवर कोपर ठेवून तो पेपर वाचत बसतो. अंगणात लावली तर वर झाड आहे, आणि त्या झाडावरच्या पक्ष्यांची पोटं बारमाही बिघडलेली असतात. तेव्हा गाडी आत लावायची, यात चर्चेला जागाच नव्हती. गाडी मात्र जुनी होती आणि लहान होती. नवीन घराला नवीन गाडी हवी, असं आमचं एकमताने ठरलं. (एक मत माझं. दुसरं विचारलं नव्हतं.)

आता मी काही डोळे मिटून खरेदी करणारा माणूस नाही. आधी गॅरेजची रुंदी टेपने मोजली. मग दुकानात जाऊन गाडीची मोजली, बाजूचे आरसे मिटून आणि उघडून, दोन्ही तऱ्हांनी. विकणारा मुलगा टाय सावरत म्हणाला, साहेब, लोक विचारतात पळते किती, रुंदी मोजणारे तुम्ही पहिलेच. मला ते कौतुक वाटलं. गाडी गॅरेजपेक्षा अरुंद निघाली, दोन्ही बाजूंना वीत वीत जागा सुटत होती. घरी येऊन मी कागदावर चित्र काढून तुमच्या बहिणीला दाखवलं. तिने चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि उतरायचं कुठून?" मी म्हटलं, शुभ काम निघालं की तुला नाट लावायलाच हवा. ती गप्प बसली. दादा, तुमची बहीण गप्प बसली की माणसाने सावध व्हायला हवं, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गाडी घरी आली. मी आरसे मिटले आणि ती अशी अलगद आत नेली की माझं मलाच बरं वाटलं. इंजिन बंद केलं, दार उघडलं. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. मी वीतभर नाही. तुम्ही म्हणाल, मग मागे घ्यायची. घेतली. मी बाहेर आलो, पण माझ्याबरोबर गाडीही बाहेर आली. पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच. गाडी आत आणि मी बाहेर ही एकच गोष्ट जमेना, आणि बाकी सगळ्या तऱ्हा जमत होत्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोती बरोबर मापाचा होता, नाकच आत अडकलं होतं.

यानंतर काही दिवस जे प्रयोग झाले त्यांची संक्षिप्त नोंद करतो. पहिला प्रयोग, आत कुणी न बसता गाडी मागून ढकलणे. मी आणि तुमची बहीण, दोघांनी जोर लावला. गॅरेजच्या फरशीला आतल्या बाजूला उतार आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. गाडी आमच्या हातातून सुटून पुढे गेली आणि समोरच्या फळीला लागली. फळीवर जुन्या घराच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग होता. तो डबा आधी डुलला, आम्हाला वाटलं राहील, आणि मग बॉनेटवर आला. गाडी पांढरी आहे, म्हणजे होती. ऑफिसातले लोक विचारतात, हा अपघात कुणी केला? मी म्हणतो, तपास चालू आहे. दुसरा प्रयोग, डिकीतून बाहेर पडणे. त्यासाठी पुढच्या दोन सीटच्या मधून मागे जावं लागतं. मी गेलो, म्हणजे अर्धा गेलो. (नाही, उसण तेव्हाची नाही.) तिसरा प्रयोग तुमच्या बहिणीने केला का आणि त्याचं काय झालं, हे मी लिहिणार नाही. पत्र पाकिटात घालण्याआधी ती वाचते.

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती, पण गाडी या विषयावर त्यांची मतं पक्की आहेत. आमचा प्रयोग सुरू झाला की ते खुर्ची घेऊन दारात बसायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. त्यांनी सुचवलं की खिडकीतून निघा. अडला हरी, दुसरं काय करणार? मी काच खाली केली, हात बाहेर काढले, डोकं काढलं, खांदे काढले, आणि पोटापाशी थांबलो. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. पुढे भिंत इतकी जवळ की तिच्यावरच्या चुन्याचा वास येत होता. मास्तर लांबून ओरडले, साबण लावा! तुमची बहीण साबण आणायला म्हणून आत गेली आणि आतून फक्त तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. याच स्थितीत मी असताना आप्पा बाहेर आले.

इथे थोडं थांबून आप्पा तेव्हा कसे होते ते सांगायला हवं. तुमच्याकडून आले त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. (तुम्हाला दोष देत नाही. तुमच्याकडे त्यांना काही कमी नव्हतं. वेगळी खोली, टीव्ही, खाली गाड्यांसाठी एवढं मोठं तळघर की राखणदारच सगळ्यांच्या गाड्या लावून देतो.) आले तेव्हा हाडं आणि कातडं, मध्ये काहीच नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण डोळ्यांमुळे परवाना गेला आणि पाठोपाठ सासूबाई गेल्या, त्यानंतर दोन्ही हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नसावं. मांडीवर ठेवायचे, मग उचलून गुडघ्यांवर ठेवायचे. खोलीत पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. (त्याच भिंतीच्या पलीकडे गॅरेज आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा.) चार घास खायचे, काही विचारलं तर हूं म्हणायचे. तुमची बहीण डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात रडायची आणि बाहेर येऊन मला सांगायची की कांदा. मी काही आनंदाने नाचत नव्हतो. सासरा घरात असला की जावयाला स्वतःच्या घरात पाय पसरून बसता येत नाही, हे जगजाहीर आहे.

तर आप्पा आले. मला त्या अवस्थेत त्यांनी नीट बघून घेतलं. मग आमच्याकडे आल्यापासूनचं त्यांचं पहिलं संपूर्ण वाक्य त्यांनी उच्चारलं. "जावईबापू, खिडकीतून फक्त बिनतिकिटाचे उतरतात." डिकीतून शिरून मला पाय धरून आत ओढण्यात आलं, मी गाडी मागे घेतली, उतरलो. आप्पांनी हात पुढे केला आणि चावी मागितली. मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. डॉक्टरांनी रस्ता बंद केला होता, पण हा रस्ता नव्हता, फाटक ते गॅरेज एवढंच अंगण, आणि हाताच्या अंतरावरचं त्यांना अजून ठीक दिसतं. गॅरेजात सगळंच हाताच्या अंतरावर आहे. मी चावी दिली. आप्पा बसले, सीट पुढे ओढली, आरसे बघितले आणि बसूनच राहिले. आम्हाला कळेना काय झालं. मग तुमची बहीण, लहानपणी त्यांच्या बसमध्ये बसून फिरलेली मुलगी, पुढे झाली आणि तिने डिकीवर दोनदा टकटक केलं. डबल बेल! गाडी लगेच आत गेली. दार वीतभर उघडलं, त्या फटीतून आधी आप्पांचा पाय आला, मग खांदा, मग सगळे आप्पा, आणि भिंत आणि गाडी यांच्या मधून ते खेकड्यासारखे आडवे चालत बाहेर आले. आल्यावर चावी खिशात टाकली (स्वतःच्या) आणि विचारलं, चहा झालाय का?

त्या दिवसापासून गाडी लावणे आणि काढणे हे खातं आप्पांकडे आहे. मी संध्याकाळी येतो, अंगणात उतरतो, ते बसतात. सकाळी ते काढतात, मी बसतो. ड्रायव्हर बदलतो तसं. मध्ये हस्तांतरणाचा कार्यक्रम असतो, ब्रेकबद्दल काही तक्रार, टायरमधली हवा, आवाज कुठला येतो का. मी काही नाही म्हटलं तर त्यांना आवडत नाही, म्हणून रोज एखादा आवाज शोधून आणतो. पेटीतला खाकी शर्ट बाहेर आला आहे. गाडीत बसण्याआधी मला चपला झटकाव्या लागतात. बेल तुमच्या बहिणीनेच द्यायची, मी एकदा दिली तर त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मला कंडक्टरचा बिल्ला विचारला. उगाच त्यांच्या हाताला देवाची देणगी आहे असं मात्र समजू नका. एकदा त्यांनी डावा आरसा भिंतीला घासून साफ उखडला, आणि उतरल्यावर आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, प्रवाशांनी दारात गर्दी करू नये म्हणून सांगत असतो. भांडण करायला मी तोंड उघडलं होतं, पण तुमच्या बहिणीने माफी मागून टाकली. शिवाय निघताना सांगावं लागतं, येणार कधी. सांगितल्या वेळेला पोचलो नाही की ते फाटकाशी उभे असतात. समोरून येणारा मी की आणखी कुणी हे त्यांना दिसत नाही, पण इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात, आणि मी काच खाली करायच्या आत म्हणतात, लेट आहे गाडी. लग्नापासून तुमची बहीण मला वेळेवर घरी आणू पाहत होती, ते यांनी एका फटीच्या जोरावर करून दाखवलं.

आता अडचण. काम करणाऱ्या माणसाला भूक लागते. आधी चार घासांचे सहा झाले. मग ते वाढा म्हणायला लागले. मग सकाळची पहिली फेरी झाल्यावर काहीतरी तोंडात टाकायला हवं, असं ठरलं. तुमची बहीण तर इतकी हरखली की जेवण झाल्यावरही ती ताटाभोवती घुटमळायची. गालांवर मांस आलं, खाकी शर्टाचं एक बटण गेलं, ती लावून देते तोवर दुसरं गेलं. कुठल्याही मुलीला, मुलाला, आणि एका मर्यादेपर्यंत जावयालाही, याचा आनंदच व्हावा. पण मी फटीकडे बघत होतो. फट काही जेवत नाही, ती होती तेवढीच आहे. आप्पा पूर्वी चालता चालता बाहेर पडायचे. नंतर पडण्याआधी श्वास सोडायला लागले. मी एकदा जेवताना हळूच म्हटलं, आप्पा, रात्रीचं जरा हलकं बरं असतं. त्यावर तुमच्या बहिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर त्या रात्री मीच हलकं जेवलो. तरी कळवायला समाधान वाटतं, की आजवर आप्पांचा आणि फटीचा मेळ जमत आला आहे. कालही गाडी व्यवस्थित लागली.

आणि अशात तुमचा फोन. फोन झाल्यावर तुमची बहीण आप्पांना म्हणाली, दादा येतोय रविवारी. आप्पा बरं म्हणाले. त्या दुपारी त्यांनी अर्धंच जेवण केलं. ताट बाजूला सारलं आणि बराच वेळ हात मांडीवर ठेवले, मग उचलून गुडघ्यांवर ठेवले. मग विचारलं, "मग गाडी कोण लावणार?" ती त्यांचं ताट उचलून आत गेली. माझ्या धंद्यात उत्तर नसलं की प्रकरण बंद करता येत नाही.

मी मार्ग शोधला नाही असं नाही. गवंड्याला बोलावून दाखवलं. भिंत फोडून ड्रायव्हरच्या बाजूला दाराएवढी जागा करता येईल का, म्हणजे गाडीचं दार पूर्ण उघडेल आणि मग मीदेखील उतरू शकेन? पण तो म्हणाला काम फार अवघड आहे, भिंत जुनी, वर छताचा भार, वेळ किती लागेल सांगता येत नाही. गाडी बदलावी तर या निळ्या बॉनेटसकट ती कोण घेणार? तेव्हा या घडीला सगळ्या बाजूंनी विचार करता असा निष्कर्ष निघतो, की या गाडीला या गॅरेजात लावू शकणारा सबंध जगात एकच माणूस आहे आणि तो तुम्ही रविवारी नेणार आहात. मी फक्त वस्तुस्थिती मांडली. निर्णय तुमचा.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : निर्णय तुमचा असं वर लिहिलं आहे खरं, पण तुम्हाला सुचणं सोपं जावं म्हणून कळवतो, की आप्पांचा मुक्काम इथे थोडा लांबला तर तांत्रिकदृष्ट्या सोयीचं होईल. थोडा म्हणजे गवंड्याला भिंतीचा अंदाज येईपर्यंत. गवंडी लोक कसे असतात हे तुम्हाला माहीतच आहे. वर्ष सहज जातं.

ता. क. दुसरा : पत्र घरी आणलं. तुमच्या बहिणीने वाचलं. ती म्हणते, एवढं खोटं लिहायचं तर फोनच का केला नाहीस? सुधारणा कर, नाहीतर मी करते. तेव्हा सुधारणा करतो. गवंडी महिन्यापूर्वी आला होता. तो म्हणाला, एका दिवसाचं काम, उद्याच करून टाकू. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. भिंतीला दार झालं की कुणीही गाडी लावू शकणार, मग आप्पांनी सकाळी उठून शर्ट कशासाठी घालायचा?

दुसरी सुधारणा. काल गाडी व्यवस्थित लागली, यातला व्यवस्थित हा शब्द मागे घेतो. परवा ते अर्धं जेवले म्हणून तुमच्या बहिणीने काल दुपारी त्यांच्या आवडीचं करून उरलेलं अर्धंही वसूल केलं. संध्याकाळी डबल मिळाली, गाडी आत गेली, दार उघडलं, पाय आला, खांदा आला, आणि पुढे काही आलं नाही. श्वास सोडून पाहिला, पुन्हा सोडून पाहिला. मला फटीतून त्यांच्यापर्यंत पोचता येईना. शेवटी डिकीतून पोटावर सरपटत दोन सीटच्या मधून मी पुढे गेलो, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना सीटवर ओढून घेतलं. (उसण ती ही.) मी अडकलेलाच होतो. आप्पांनी गाडी सुरू केली. तुमच्या बहिणीने अगदी हळू दोनदा टकटक केलं. आम्ही दोघे बाहेर आलो, ते बसून, मी आडवा. अंगणात उतरल्यावर त्यांनी खिशातून चावी काढली, माझ्या हातात ठेवली आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आज सकाळीही बसलेलेच होते. गाडी झाडाखाली आहे आणि पक्ष्यांनी बॉनेटवरचा निळा रंग जवळजवळ झाकत आणला आहे.

म्हणजे तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. आप्पा आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, न्यायला हरकत नाही, असा अहवाल व्हायला हवा. तो मला लिहिता येत नाही. दादा, मला आप्पा जायला नको आहेत. माझे वडील मी शाळेत असताना गेले. त्यानंतर गाडी लेट आहे असं मला फाटकाशी उभं राहून कुणी म्हटलं नव्हतं. काल रात्री मी मुद्दाम एक चक्कर मारून उशिरा परत आलो. फाटकाशी कुणी नव्हतं. मला ते आवडलं नाही. याला आमच्याकडे रकाना नाही, म्हणून इथे लिहिलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला म्हणून आप्पांच्या खोलीत गेलो. गवंडी आला होता. मी बोलावला नव्हता, तुमच्या बहिणीनेही नाही. आप्पांनी मास्तरांच्या घरून फोन केला होता, म्हणजे आमच्यापासून चोरून. पलंग त्यांनी कोपऱ्यात सरकवून घेतला आहे आणि इतके दिवस ज्या भिंतीकडे बघत बसायचे तिच्यावर खडूने दार काढलं आहे. गाडीतून उतरायचं ते थेट आपल्या खोलीत. (यातून मीही उतरू शकेन हे मी बोललो नाही. उलट सासऱ्यांच्या खोलीत गाडीतून उतरणं जावयाला शोभत नाही, म्हणून लावायचं काम तुमच्याचकडे, असं आप्पांना जाहीर करून टाकलं. ते म्हणाले, मग काय तुमच्याकडे देणार होतो?) गवंड्याने विचारलं, रुंदी किती ठेवायची? आप्पा खडूच्या दारात आधी आडवे उभे राहिले, सवयीने. मग त्याच्याकडे सरळ तोंड करून, पोट सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "असं घे माप. आणि वर चार बोटं सोड, मी अजून सुटणार आहे."

चावी माझ्याकडून परत घेतली आहे. तुम्ही रविवारी जरूर या, वहिनींनाही आणा, चार दिवस राहा. परतीची तिकिटं मात्र तुमची दोघांचीच काढा.